जपानी मैदानावरचा रक्तगट

जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉलपटूंची ओळख करून देणारी छोटी पुस्तके दर हंगामाला निघतात. खेळाडूचे गाव, जन्मतारीख, उंची, वजन, तो चेंडू कोणत्या हाताने टाकतो आणि बॅट कोणत्या बाजूने धरतो, या तपशिलांच्या ओळीत रक्तगट देण्याची रीतही तिथे रुळलेली आहे. दुखापत झाली तर रक्त लागेल, एवढ्यासाठी ही नोंद वाचली जात नाही. रक्तगटावरून माणसाचा स्वभाव कळतो आणि स्वभावावरून तो दडपणाखाली कसा खेळेल, सरावाला किती नेटाने चिकटून राहील, संघात कितपत मिसळेल हे सांगता येते, अशी समजूत तिथे विसाव्या शतकात घडत गेली. ए गटाचा माणूस काटेकोर, नियम पाळणारा, मनाला लावून घेणारा. बी गटाचा मनस्वी, आपल्याच तंद्रीत रमणारा. ओ गटाचा खंबीर, दिलदार, जिंकण्याची ईर्षा बाळगणारा. एबी गटाचा बुद्धिनिष्ठ, पण थांग न लागणारा, असे हे साधारण वर्णन. समजूत जुनी वाटते, तशी ती नाही. तिच्या जन्माचे साल, तिचे जन्मदाते आणि तिने घेतलेली वळणे कागदोपत्री सापडतात, आणि त्यांतली काही वळणे फार दुःखद आहेत.

तिच्या मुळाशी एक अस्सल वैद्यकीय शोध आहे. एका माणसाच्या रक्तातला द्रव दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळला, तर कधी त्या पेशींच्या गुठळ्या होतात आणि कधी होत नाहीत, हे व्हिएन्नातल्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१मध्ये दाखवले आणि त्यावरून माणसांचे तीन गट पाडले. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना चौथा, म्हणजे एबी गट सापडला. एका माणसाचे रक्त दुसऱ्याला निर्धास्तपणे देण्याचे शास्त्र या शोधावर उभे राहिले. लँडस्टायनर यांना त्यासाठी १९३०मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान हायडेलबर्ग इथे एमिल फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड यांनी १९१०च्या सुमारास रक्तगट आईबापांकडून मुलांकडे नियमाने उतरतो हे सिद्ध केले. इथून हा विषय रुग्णालयाबाहेर पडला. जे पिढ्यान्‌पिढ्या उतरते, त्यावरून वंश ओळखता येतील का, या प्रश्नाने त्या काळचा युरोप झपाटलेला होता.

पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या आघाडीवर अनेक देशांच्या फौजा एकत्र आल्या होत्या. हिर्शफेल्ड आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी हान्ना यांनी तिथे १६ समाजांतल्या सुमारे ८,००० लोकांचे रक्त तपासले आणि १९१९मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. त्यांत ब्रिटिश फौजेतले सुमारे हजार भारतीय सैनिकही होते. या भारतीयांत बी गटाचे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास निघाले, ते तपासलेल्या सगळ्या समाजांत सर्वाधिक होते. ए गट पश्चिम युरोपात जास्त आणि पूर्वेकडे जावे तसा बी वाढत जाणारा, असे चित्र दिसले. दांपत्याने त्याचा एक निर्देशांकही काढला. इंग्रजांचा निर्देशांक ४.५, तर भारतीयांचा ०.५ भरला. मानवी स्थलांतरांचा माग काढावा, हा त्यांचा हेतू होता. तरी ज्यांना वंशांची उतरंड लावायचीच होती, त्यांनी या आकड्यांची शिडी केली आणि बी गट खालच्या पायरीवर ठेवला. स्वतः हिर्शफेल्ड ज्यू कुटुंबात जन्मलेले. पुढे नाझींनी त्यांना वॉर्सातल्या कोंडवाड्यात डांबले, आणि ते थोडक्यात वाचले.

जपानी डॉक्टर त्या काळी जर्मनीत शिकायला जात आणि जर्मन नियतकालिके वाचत. हायडेलबर्गहून परतलेले हारा किमाता नागानो प्रांतात काम करत होते. त्यांनी १९१६मध्ये जपानी लोकांच्या रक्तगटांवर लेख प्रसिद्ध केला. त्यात भिन्न रक्तगटांच्या दोन भावांच्या भिन्न स्वभावांचा ओझरता उल्लेख होता. रक्तगट आणि स्वभाव यांची सांगड जपानी लिखाणात पडली, ती साधारण इथे. बी गट मोठ्या प्रमाणात असलेल्या आशियाई समाजाला युरोपीय शिडीवर कुठे बसवले जाते आहे, याची बोच त्या पिढीच्या जपानी अभ्यासकांना होतीच. त्यांनी ती शिडी मोडली नाही. रक्तात माणसाचे मोल लिहिलेले असते हे गृहीतक तसेच ठेवून त्याचा जपानी अर्थ लावायला ते बसले. पुढचे बरेच काही या एका निवडीतून आले.

शरीराच्या कर्तबगारीशी रक्तगट जोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न लष्करात झाला. १९२६मध्ये दोन लष्करी डॉक्टरांनी सैनिकांचे रक्तगट तपासून त्यांची शारीरिक आणि मानसिक गुणांशी तुलना केली आणि ती लष्करी वैद्यकाच्या नियतकालिकात छापली. चांगला सैनिक भरतीच्या वेळीच ओळखता आला, तर कोणत्या सेनापतीला नको असेल? रक्ताचा एक थेंब घेऊन हे काम होणार असेल, तर त्यासारखे स्वस्त साधन नाही. प्रशिक्षकांना पुढे या समजुतीचे जे आकर्षण वाटले, ते याच जातीचे होते. माणसाला वर्षानुवर्षे पाहून, त्याच्यासोबत मैदानावर घाम गाळून जे कळते, ते एका अक्षरावरून कळेल, हे आश्वासन मोठे मोहात पाडणारे आहे.

या समजुतीला सिद्धान्ताचे रूप दिले ते फुरुकावा ताकेजी यांनी. ते डॉक्टर नव्हते. तोक्योतल्या स्त्रियांच्या उच्च अध्यापन विद्यालयात ते शिकवत. आपल्या नातेवाइकांचे आणि ओळखीच्यांचे निरीक्षण करून त्यांनी सुरुवात केली, मग विद्यार्थिनी आणि सहकारी यांना प्रश्नावल्या दिल्या, आणि १९२७मध्ये ‘रक्तगटानुसार स्वभावाचा अभ्यास’ हा निबंध ‘शिनरिगाकु केंक्यू’ या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापला. ओ आणि बी हे पुढाकार घेणारे, ए हा मागे राहणारा, एबी यांत दोन्हींचे मिश्रण, अशी त्यांची मांडणी होती. पाहणी केलेल्या माणसांची संख्या लहान होती आणि उत्तरे लोकांनी स्वतःविषयी स्वतःच दिलेली होती. तरीही वर्तमानपत्रांनी कल्पना उचलून धरली. ती समजायला सोपी होती आणि प्रयोगशाळेचा शिक्का तिच्यावर होता.

१९३०मध्ये तैवानमधल्या मुशा इथे मूळनिवासी सेदिक लोकांनी जपानी वसाहतवादाविरुद्ध उठाव केला. शंभराहून अधिक जपानी मारले गेले आणि उठाव क्रूरपणे चिरडण्यात आला. त्यानंतर फुरुकावांनी तैवानी लोकांच्या बंडखोरीचे कारण त्यांच्यातल्या ओ गटाच्या मोठ्या प्रमाणात शोधले. उत्तरेकडच्या ऐनू लोकांत तो कमी, म्हणून ते शांत, अशी तुलनाही केली, आणि तैवानमधला ओ गट कमी व्हावा म्हणून जपान्यांशी विवाह वाढवावेत असे सुचवले. जमिनी, वेठबिगार, अपमान ही उठावाची उघड कारणे समोर असताना एक शिक्षक ती रक्तात शोधू लागतो, हा या इतिहासातला सर्वांत काळा भाग आहे. आज रक्तगटाकडे करमणूक म्हणून पाहणाऱ्यांना तो बहुधा माहीतही नसतो.

शास्त्रज्ञांनी फुरुकावांची पाठराखण केली नाही. इतरांनी तशाच पाहण्या केल्या, तेव्हा निष्कर्ष जुळेनात. १९३३मध्ये न्यायवैद्यक परिषदेत हा सिद्धान्त नाकारला गेला, आणि १९४०मध्ये फुरुकावांचे निधन झाले. पुढची तीस वर्षे विषय जवळपास झोपून राहिला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या कपड्यांवर रक्तगट लिहिलेला असे, पण तो रक्त चढवण्याच्या सोयीसाठी. या काळात एक गोष्ट मात्र पक्की झाली. प्रत्येक जपानी माणसाला आपला रक्तगट ठाऊक असण्याची सवय लागली.

१९७१मध्ये नोमी मासाहिको यांचे ‘रक्तगटावरून कळणारे सूर’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक आले. माणसामाणसांत कुणाचे कुणाशी जुळते, हा त्याचा विषय. नोमी हे लेखक-पत्रकार. वैद्यक किंवा मानसशास्त्र त्यांनी शिकलेले नव्हते. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. त्यानंतर १९८१मध्ये मृत्यू येईपर्यंत ते याच विषयावर लिहीत आणि बोलत राहिले, आणि मग त्यांच्या मुलाने, तोशिताका यांनी, ते काम चालवले. नोमींनी फुरुकावांच्या प्रश्नावलीच्या जागी प्रसिद्ध माणसांच्या याद्या आणल्या. राजकारणी, लेखक, नट आणि खेळाडू. फलंदाजांत कोणता गट जास्त, अमुक खेळात कोणता पुढे, असे तक्ते त्यांच्या लिखाणात येतात. खेळाडूंचे यश मोजलेले असते आणि त्यांची आकडेवारी सर्वांना पाठ असते, म्हणून हे तक्ते वाचकाला पुराव्यासारखे वाटले.

नोमींचे पुस्तक आले तो काळही अनुकूल होता. तोक्योच्या योमिउरी जायंट्स संघाने १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षे जपानचे बेसबॉल अजिंक्यपद मिळवले. त्या संघाचे दोन आधारस्तंभ म्हणजे बी गटाचे नागाशिमा शिगेओ आणि ओ गटाचे ओ सादाहारू. नागाशिमा उत्स्फूर्त, प्रेक्षकांचे लाडके, मोक्याच्या क्षणी खुलणारे. तर ओ सादाहारू शिस्तीत सराव करणारे, एक पाय उचलून चेंडूची वाट पाहणारी आपली खास ढब घोटून घोटून सिद्ध करणारे. त्यांनी कारकिर्दीत ८६८ होमरन मारले. दोघांची जोडी रक्तगटाच्या वर्णनात अगदी चपखल बसवता आली. पण नीट पाहिले तर चपखलपणा बसवणाऱ्याच्या हातात होता. ओ सादाहारू यांच्या तासन्‌तासांच्या कष्टांना ओ गटाची जिद्द म्हणता येते. ते ए गटाचे असते, तर तेच कष्ट ए गटाचा काटेकोरपणा ठरले असते. निकाल लागल्यावर अर्थ लावायचा, ही या समजुतीची कायमची पद्धत आहे. पुढच्या हंगामात कोणता नवखा खेळाडू चमकेल हे तिने आधी सांगून खरे करून दाखवल्याचे दिसत नाही.

आकडेवारीचा सापळाही इथेच आहे. जपानमध्ये ए गटाचे सुमारे ४० टक्के, ओ चे ३०, बी चे २० आणि एबी चे १० टक्के लोक आहेत. पंचवीस-तीस उत्तम फलंदाजांची यादी घेतली तर तिच्यात हे प्रमाण थोडेफार हलणारच, आणि कोणता खेळ, कोणते दशक, किती नावे हे निवडण्याची मोकळीक असेल, तर हवा तो गट वर आणता येतो. शिवाय या समजुतीला जगायला चारही गट भरपूर असलेला समाज लागतो. दक्षिण अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजांत जवळजवळ सगळेच ओ गटाचे असतात. तिथे रक्तगटावरून खेळाडूंत फरक करायचा म्हटले तरी करता येणार नाही. जपानमध्ये बहुसंख्यांच्या वाट्याला शिस्त आणि खंबीरपणा आला, आणि अल्पसंख्य बी व एबी यांच्या वाट्याला लहरीपणा व विक्षिप्तपणा आला, हेही सहज घडलेले नाही. बी गटाच्या मुलांना शाळेत आणि संघात त्याचे चटके बसले. अशा छळासाठी जपानमध्ये ‘बुराहारा’ हा शब्दच रूढ झाला आहे.

मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात या विषयाचा पुन्हा समाचार घेतला. निहोन विद्यापीठातल्या ओमुरा मासाओ यांनी दाखवले की ही वर्णने कुणालाही बसतील अशा सैल मापाची असतात. वर एका गटाचे नाव लिहून खाली दुसऱ्याचे वर्णन दिले, तरी लोकांना ते आपलेच वाटते. साकामोतो आकिरा आणि यामाझाकी केंजी यांनी १९७८ ते १९८८ या काळातल्या पाहण्या तपासल्या, तेव्हा लोक स्वतःविषयी जे सांगतात ते हळूहळू त्यांच्या गटाच्या वर्णनाकडे सरकत गेल्याचे आढळले. लहानपणापासून ‘तू बी गटाचा, तुझ्याकडून शिस्त होणार नाही’ असे ऐकणारा मुलगा ते खरे मानू लागतो. खेळाच्या दृष्टीने हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. रक्त कामगिरी बदलत नसले, तरी प्रशिक्षकाची खात्री ती बदलू शकते.

तरीही २००४च्या सुमारास दूरचित्रवाणीवर रक्तगटाच्या कार्यक्रमांचा पूर आला. अखेर प्रसारणावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये वाहिन्यांना आवर घालण्याची विनंती केली. २००८मध्ये देशातल्या सर्वाधिक खपाच्या दहा पुस्तकांपैकी चार रक्तगटांवरची होती. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिला सॉफ्टबॉल संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि या संघातल्या खेळाडूंच्या सरावाची आखणी त्यांच्या रक्तगटांनुसार केली गेली होती अशा बातम्या जगभर छापून आल्या. मैदानावर काय घडले ते मात्र नोंदलेले आहे. अमेरिकेने १९९६पासूनची तिन्ही सुवर्णपदके जिंकली होती आणि ऑलिंपिकमध्ये सलग २२ सामने तिने गमावले नव्हते. जपानच्या उएनो युकिको यांनी दोन दिवसांत तीन सामने खेळून ४१३ चेंडू टाकले. त्यांतला एक सामना जपान अमेरिकेशी हरला, दुसरा ऑस्ट्रेलियाशी बारा डावांपर्यंत लांबला, आणि तिसऱ्यात, अंतिम लढतीत, जपानने अमेरिकेला ३–१ असे हरवले. २०२१मध्ये योकोहामात अंतिम सामना पुन्हा अमेरिकेशीच झाला. जपानने तो २–० असा जिंकला, तेव्हा उएनो ३९ वर्षांच्या होत्या. त्या खांद्याचे, त्या सरावाचे आणि त्या जिद्दीचे श्रेय एका अक्षराला देणे हा त्या बाईंवर अन्याय आहे.

शरीरशास्त्र काय म्हणते तेही पाहायला हवे. रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळीतला लहानसा फरक. ए गटात त्या साखळीच्या टोकाला एक शर्करा जोडली जाते, बी गटात दुसरी, एबीमध्ये दोन्ही, आणि ओ मध्ये ती जोडणारे विकर निकामी असल्याने टोक मोकळे राहते. त्यामागचा नवव्या गुणसूत्रावरचा जनुक १९९०मध्ये उलगडला गेला, आणि त्या कामातले प्रमुख संशोधक यामामोतो फुमिइचिरो हे जपानीच. स्नायूंना प्राणवायू पोहोचवतो तो पेशीच्या आतला हिमोग्लोबिन. बाहेरच्या शर्करेचा त्याच्याशी संबंध नाही. याचा सर्वांत स्पष्ट दाखला मुंबईत मिळाला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशा माणसांची नोंद केली, की ज्यांच्या पेशींवर ए नाही, बी नाही, आणि ओ गटात असणारा एच हा पायाभूत घटकही नाही. याला आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. या माणसांना रक्त देताना त्याच गटाचा दाता शोधावा लागतो, ही अडचण जिवावर बेतणारी ठरू शकते. पण एरवी ती सर्वसामान्य निरोगी आयुष्य जगतात.

रक्तगटाचा शरीरावर काहीच परिणाम नाही, असेही नाही. ओ गटाच्या लोकांत रक्त गोठण्यास मदत करणारा फॉन विलेब्रांड घटक सुमारे पाव हिश्श्याने कमी असतो, म्हणून त्यांना शिरांत गुठळ्या होण्याचा धोका जरा कमी असतो. इटलीतल्या संशोधकांनी २०१७मध्ये हौशी धावपटूंचा अर्धमॅरेथॉनमधला वेळ तपासला, तेव्हा ओ गटाचे धावपटू काहीसे वेगवान निघाले. पण त्या पाहणीत जेमतेम पन्नासेक माणसे होती, आणि तेवढ्यावरून संघ निवडता येत नाही. रक्तामुळे खरोखर कामगिरी उंचावल्याचे उदाहरण पाहायचे तर फिनलंडच्या एरो मान्तीरान्ता यांचे आहे. १९६४च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्यांनी १५ आणि ३० किलोमीटरची सुवर्णपदके जिंकली. त्यांच्या घराण्यात एका जनुकात झालेल्या बदलामुळे तांबड्या पेशी नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त तयार होत, आणि त्यांचा रक्तगट कोणता याला त्यात काही महत्त्व नव्हते.

१९९६मध्ये अमेरिकेत पीटर डी’अ‍ॅडामो यांचे रक्तगटानुसार आहाराचे पुस्तक आले. ओ गटाने दमछाक करणारा व्यायाम करावा, ए गटाने योगासनांसारखा सौम्य, बी गटाने मधला, असा सल्ला त्यात होता. तो भारतातही पोहोचला. टोरंटोच्या संशोधकांनी २०१४मध्ये १,४५५ लोकांची माहिती तपासली. त्या आहारांपैकी काहींचा फायदा दिसला, पण ज्याला दिसला त्याचा रक्तगट कोणताही असो, फायदा तेवढाच होता. भाज्या खाल्ल्या, तर त्या सर्व गटांना सारख्याच मानवतात.

मराठी घरांत रक्तगटाला मिळालेली जागा वेगळी आहे. वधूवर सूचक मंडळाच्या परिचयपत्रात रास, नक्षत्र, गण, नाडी यांच्या पाठोपाठ रक्तगटाचा रकाना असतो, आणि दोघांचा रक्तगट एकच आला तर एकनाडीसारखी काळजी करणारी माणसे आजही भेटतात. वैद्यकाला काळजी असते ती वेगळ्याच गोष्टीची: आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असण्याची. त्यावरही आता वेळेवर इंजेक्शन देऊन उपाय करता येतो. भारतात आरएच निगेटिव्ह लोक साधारण पाच टक्के आहेत, जपानमध्ये अर्धा टक्का, म्हणून जपानी समजुतीत आरएचला स्थानच मिळाले नाही.

२०१४मध्ये नावाता केंगो यांनी जपान आणि अमेरिकेतल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६८ प्रश्नांपैकी ६५ प्रश्नांत रक्तगटांमध्ये काहीही फरक निघाला नाही, आणि उरलेल्या तिनांतला फरक नगण्य होता. हा अभ्यास छापला गेला तो ‘शिनरिगाकु केंक्यू’मध्येच, जिथे फुरुकावांचा निबंध ८७ वर्षांपूर्वी आला होता. नोकरीच्या उमेदवाराला रक्तगट विचारू नये, अशी समज आता जपानची सरकारी कामगार कार्यालये मालकांना देतात. खेळाडूंच्या माहितीपुस्तकांना मात्र असा कोणताही नियम लागू नाही.